जवाचा थंड चहा

शाळेच्या प्रतीक्षा-खोलीत टेबलावर जवाच्या थंड चहाचे सहा पेले मांडून ठेवले होते. शेजारी जपानी आणि इंग्रजी अशा दोन भाषांत पाटी होती: कृपया घ्या. ती वाचून मायुकोच्या मनात पाल चुकचुकली.

"हात लावू नकोस हं," ती लेकीच्या कानात म्हणाली.

सहा वर्षांची सुझुने खुर्चीच्या अगदी कडेला बसली होती. गुडघे जुळवलेले, हात मांडीवर, तयारीच्या वर्गात घोटून घेतलं होतं तशी. स्टेशनपासून शाळेपर्यंतचा तो चढ, सप्टेंबरचं ऊन, आणि अंगात गडद निळा जाड पोशाख.

"आई, तहान लागलीय."

"मुलाखत झाली की पी."

परीक्षा फाटकापाशीच सुरू होते, असं वर्गाच्या बाईंनी बजावलं होतं. बूट काढून कुठल्या दिशेला ठेवता, घरून आणलेल्या सपाता कशा घालता, सगळ्यावर नजर असते म्हणे. दोन शाळांचे नकार घरी येऊन पडले होते. आता ही शेवटची, आणि पहिलीच्या प्रवेशाची परीक्षा काही पुन्हा देता येत नाही. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताक फुंकून पितो. मायुको तर ताकाच्या भांड्याकडेही बघायला तयार नव्हती.

तिचा नवरा हिदेआकी शाळेचं माहितीपत्रक तिसऱ्यांदा वाचत होता. प्रवेश फी, वर्षाची फी, इमारतीसाठी वेगळी, बसची वेगळी. निम्मे विषय जपानीत, निम्मे इंग्रजीत. दुपारी यंत्रमानव बनवायचा वर्ग, उन्हाळ्यात तीन आठवडे ऑस्ट्रेलिया. शेवटच्या पानावर तो थांबला.

"हे बघ. देणगी ऐच्छिक आहे. एक भाग एक लाख येनचा, निदान तीन भाग द्यावेत ही नम्र विनंती. आणि खाली लिहिलंय, प्रवेशाशी याचा काहीही संबंध नाही."

"मग बरंच आहे की."

"अगं, संबंध नाही तर सांगायचं कशाला? विचारलं होतं का कोणी?"

"अहो, हळू बोला!" मायुकोनं दाराकडे पाहिलं. एप्रन घातलेली एक म्हातारी बाई कोपऱ्यात सपाता सरळ करत होती. मघापासून ती तीच ती जोडी सरळ करतेय, असं मायुकोला वाटलं. "पाच भाग म्हणू या."

"पाच? आणि फी कुठून भरायची?"

समोर बसलेल्या दुसऱ्या एका कुटुंबातल्या पोरानं तेवढ्यात सरळ उठून पेला उचलला आणि घटाघटा रिकामा केला. मग दुसरा. दुसऱ्यातला निम्मा शर्टावर सांडला, तसा तो खो खो हसत सुटला. म्हातारी फडकं घेऊन आली, आणि तीही हसली.

"गेला बिचारा," हिदेआकी पुटपुटला.

म्हातारीनं एक पेला सुझुनेपुढे धरला. "घे गं बाळ. चढून आलीस ना?"

सुझुनेनं आईकडे पाहिलं. आईनं डोळ्यांनीच नाही म्हटलं.

"नको, आभारी आहे," सुझुने म्हणाली. मग तेच इंग्रजीत म्हणाली. उच्चार अगदी स्वच्छ होते. मायुकोचा ऊर अभिमानानं भरून आला. म्हातारीनं पेला खाली ठेवला आणि ती सपातांकडे परत गेली. ती कोणालाही काही कळवायला गेली नाही, पण हे मायुकोला पटवून कोण देणार?

मुलाखतीला मुख्याध्यापिका ओकुदाइरा बाई एकट्याच होत्या. त्यांनी सुझुनेला रंग विचारले, कागदाची घडी घालायला लावली, एक गोष्ट अर्धी जपानीत आणि अर्धी इंग्रजीत सांगितली. सुझुने कुठेच अडली नाही. मग बाईंनी तिच्या ओठांकडे पाहिलं आणि स्वतःच्या हातानं चहाचा पेला भरला.

"फार गरम होतंय आज. घे."

सुझुनेनं पेल्याकडे पाहिलं, मग आईकडे.

"नको, आभारी आहे." आणि पुन्हा इंग्रजीत.

ओकुदाइरा बाईंनी पेन खाली ठेवलं. "सुझुनेच्या आई, तुमच्या मुलीला तहान लागते ना कधी?"

मायुकोच्या डोक्यात चक्र फिरू लागलं. लागते म्हणावं तर मूल हावरं ठरेल, नाही म्हणावं तर खोटं. बाईंना काय ऐकायचंय?

"योग्य वेळी लागते," ती म्हणाली.

बाई हसल्या. वाकून नमस्कार करून तिघं बाहेर पडली. उतारावर नवरा-बायको त्या हसण्याचाच कीस पाडत होती.

"खूश होत्या," हिदेआकी म्हणाला.

"खूश असत्या तर पेन का खाली ठेवलं?"

उतार संपेपर्यंत हसण्याचे चार अर्थ निघाले आणि देणगी सहा भागांवर गेली. सुझुने दोघांच्या मधून मुकाट चालत होती. चालताना ती एकदा अडखळली, तेव्हा कुठे मायुकोचं तिच्याकडे लक्ष गेलं. पोरीचा चेहरा लालबुंद झाला होता.

स्टेशनच्या कोपऱ्यावरच्या यंत्रात नाणी टाकून मायुकोनं जवाच्या चहाची गार बाटली काढली. झाकण उघडलं. लेकीपुढे गुडघ्यांवर बसली.

"पी बाळा. संपलं आता सगळं. कोणी बघत नाहीये."

सुझुनेनं रस्त्याच्या दोन्ही टोकांना नजर टाकली. मग आईच्या चेहऱ्याकडे नीट निरखून पाहिलं. तिनं हात मांडीशी चिकटवले आणि कमरेतून वाकली.

"नको, आभारी आहे," ती म्हणाली. आणि मग इंग्रजीत.