चौदाव्या अध्यायाची नक्कल

दादाभाऊंचं बोट तेहतिसाव्या वचनावर थांबलं. त्याच्याखाली एकदम छत्तिसावं. त्यांनी चष्मा वर केला, पुन्हा खाली घेतला आणि भर उपासनेत विचारलं, "इंद्रायणी, मधली दोन वचनं कुठायत?"

"लिहिली न्हाईत," तिसऱ्या रांगेतून इंद्रायणी म्हणाली.

खोडदच्या रस्त्यालगतच्या त्या लहानशा चर्चमध्ये त्या रविवारी हाताने लिहिलेल्या, बायबलमधल्या नव्या कराराचं समर्पण होतं. साठ घरांनी सगळे अध्याय वाटून घेऊन, टोमॅटोची तोडणी आणि कांद्याची लागवड सांभाळत, वर्षभर नक्कल केली होती. वाटणी दादाभाऊंनी केली, कारण मंडळीचे, म्हणजे चर्चच्या समुदायाचे, वडीलधारे कारभारी तेच. पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राचा चौदावा अध्याय त्यांनी इंद्रायणीला दिला, तो मुद्दाम. बायकांनी मंडळीत गप्प राहावं, असं सांगणारी दोन वचनं त्याच अध्यायात आहेत. हाताने लिहिलं की डोक्यात बसतं, असंही ते हसून म्हणाले होते.

ही वचनं इंद्रायणीने आधी एकदा ऐकली होती, आईच्या, प्रयागबाईंच्या, कबरीशी. त्यांनी चाळीस वर्षं घरोघर जाऊन बायकांना प्रार्थना करायला शिकवलं. त्यांच्या मातीला पाळकसाहेबांना यायला उशीर झाला, म्हणून इंद्रायणी पुढे होऊन प्रार्थना करू लागली. दादाभाऊंनी हात वर करून तिला थांबवलं, दोन्ही वचनं तोंडपाठ म्हणून दाखवली आणि मग स्वतःच प्रार्थना केली. तीत प्रयागबाईंचं नावसुद्धा आलं नाही. लेकीने मुकाट्याने माती टाकली. त्यानंतरच्या तीन वर्षांत तिने क्षमेवर बरीच प्रवचनं ऐकली. क्षमा काही केली नाही, आणि मला त्यात गैर वाटत नाही.

मधल्या काळात ती पुण्याला जाऊन दोन वर्षं धर्मशास्त्राचा अभ्यास करून आली. तिथे तिला कळलं की काही जुन्या हस्तलिखितांत ही दोन वचनं भलत्याच जागी, अध्यायाच्या शेवटी सापडतात. काही अभ्यासकांच्या मते ती पौलाची नाहीतच, मागाहून कुणा नक्कल करणाऱ्याने घातलेली असावीत. सगळ्यांना हे पटत नाही, हेही तिने मंडळीच्या बायबल वर्गात प्रामाणिकपणे सांगितलं. दादाभाऊंनी तिची यथेच्छ टर उडवली. वर्ग हसला. बायकाही हसल्या, आणि तिला ते जास्त लागलं.

आता मात्र कुणी हसत नव्हतं. पाळकसाहेब हळूच म्हणाले की समर्पण उरकून घेऊ, मग निवांत पाहू. दादाभाऊंच्या अंगाचा तिळपापड झाला होता. पुस्तक जुन्नरहून पक्कं बांधून आलेलं, त्यातलं पान बदलणं शक्य नव्हतं.

"देवाचं वचन अर्धवट ठिवून समर्पण व्हायचं न्हाई," ते म्हणाले आणि त्यांनी खिशातलं पेन काढलं.

इंद्रायणी जागेवर बसून पेनाकडे बघत राहिली. या माणसाला ती लहानपणापासून ओळखत होती. चर्चमधल्या फळ्यावर गीताचा आकडा चुकला तरी तो दुसऱ्याला दुरुस्त करू देत नसे.

दादाभाऊ वेदीवरच्या पुस्तकावर वाकले. तेहतिसाव्या वचनाशेजारी, कडेच्या मोकळ्या समासात, त्यांनी दोन्ही वचनं निळ्या शाईने दाटीवाटीने लिहिली. लिहिताना मोठ्याने म्हटलीही, म्हणजे मागे बसलेल्या बायकांना नीट ऐकू जावीत. मग शाईवर फुंकर मारून समाधानाने सरळ उभे राहिले.

तेव्हा इंद्रायणी उठली. वेदीपाशी गेली, पुस्तक उचललं आणि उघडं धरून रांगांमधून फिरू लागली. तिने ते पान बायकांना दाखवलं, पुरुषांना दाखवलं. म्हाताऱ्या लंकाबाईंनी डोळे बारीक करून विचारलं, कडेचं हे तिरकं अक्षर कुणाचं?

 सगळ्यांनी दादाभाऊंकडे पाहिलं. दादाभाऊंनी पेनाकडे पाहिलं. खोडावं तर देवाचं वचन खोडल्यासारखं, आणि ठेवावं तर अक्षर त्यांचंच. त्यांचा चेहरा पडला. तो बघायला इंद्रायणी तीन वर्षं थांबली होती, आणि तिने तो पोटभर बघून घेतला.

"समासातलं हे पुढचा नक्कल करणारा आत घेईल," ती सगळ्या मंडळीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "त्याच्या पुढच्याला ते पौलाचंच वाटंल. पयल्यांदाबी असाच एखादा दादाभाऊ असंल."