मीठ-भाकर

सीटवर टेकल्यावर रिफाईने मागे वळून पाहिलं. शेवटच्या बाकावर एक धिप्पाड माणूस बसला होता. मफलरने त्याने अर्धं तोंड गुंडाळलं होतं आणि तो रिफाईच्याच मानेकडे बघत होता.

उतरावं म्हटलं, तर मायक्रोबस सुटलीसुद्धा. अस्यूत मागे पडलं, नाईलकाठची हिरवी शेतं संपली आणि वाळू सुरू झाली.

दोन महिन्यांपूर्वी रिफाईच्या चुलतभावाने कालव्याच्या पाण्यावरून गानिम घराण्यातल्या एकाला गोळी घातली होती. चुलतभाऊ तुरुंगात सुखरूप होता. म्हणून आता पाळी घरातल्या सगळ्यात शिकलेल्या माणसाची होती, आणि तो रिफाई होता, शाळामास्तर. तो जन्मात कधी कालव्यावर भांडायला गेला नव्हता, पण हे कोणी विचारत नाही. बदला घेताना घराचा खांबच पाडायचा असतो. गानिमांनी अजून मयताचं सांत्वन स्वीकारलं नव्हतं. रक्ताला रक्त मिळेपर्यंत ते स्वीकारत नाहीत. त्यांचं दार बंद होतं, म्हणजे बंदूक भरलेली होती.

बायकोने सांगितलं, बारीसला माझ्या मामाकडे जा, त्या वाळवंटात तुला कुत्रंही ओळखणार नाही. मास्तर निघाला. गानिमांतले सगळे चेहरे त्याला ठाऊक नव्हते, हीच मोठी पंचाईत होती.

"कुठपर्यंत, लेकरा?" शेजारच्या म्हातारीने विचारलं. तिच्या मांडीवर फडक्याने झाकलेली टोपली होती. ड्रायव्हर सय्यद तिला हाज्जा नबविया म्हणत होता.

"बारीस."

"मीही तिकडचीच. धंदा काय करतोस?"

"कांद्याचा व्यापार."

"हात बरे मऊ आहेत कांदेवाल्याचे," म्हातारी हसली. "माझा मुलगा असता तर त्यानेच आणलं असतं मला. गेला बिचारा."

"अल्ला त्याला जन्नत देवो."

म्हातारी काही बोलली नाही. तिने टोपलीवरचं फडकं सोडलं आणि उन्हात पीठ फुगवून भाजलेल्या जाड भाकरी वाटायला घेतल्या. सय्यदला दिली, पुढच्या दोन शिपायांना दिली. मफलरवाल्याने मान हलवून नको म्हटलं.

"तुझ्याकडे तुझी शिदोरी आहेच," रिफाईच्या मांडीवरच्या गाठोड्याकडे बघून ती म्हणाली आणि फडकं बांधून टाकलं.

त्यावरून रिफाईला सुचलं. एकाच्या हातची मीठ-भाकर दुसऱ्याने खाल्ली, की त्या दोघांत हत्यार उठत नाही, वैर कितीही जुनं असो. हे मोडणाऱ्याला त्याची सख्खी आईसुद्धा घरात घेत नाही. मफलरवाल्याच्या पोटात आपल्या भाकरीचा एक घास गेला, की सुटलो.

त्याने गाठोडं सोडलं. आतल्या एकुलत्या एका भाकरीवर बायकोने खारवलेलं चीज थापलं होतं. उगाच संशय नको म्हणून त्याने ती आधी म्हातारीपुढे धरली.

"घ्या, हाज्जा."

"आज सोमवार. माझा रोजा आहे, बाळा."

मग त्याने भाकर मागच्या बाकाकडे केली. "घ्या, भाऊ."

मफलरवाल्याने भाकरीकडे पाहिलं, रिफाईकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं. जो मीठ नाकारतो, तो का नाकारतो हे त्या मुलखात लहान पोरालाही कळतं.

भर दुपारी अर्ध्या वाटेवरच्या टपरीशी गाडी थांबली. सगळे चहाला उतरले. मफलरवाला बरोबर रिफाईच्या मागे येऊन उभा राहिला. तो सरकला की मफलरवालाही सरकायचा. हाज्जा नबवियाने चहाचा दुसरा ग्लास मागवला आणि साखर कमी घातली म्हणून टपरीवाल्याला झापलं. सगळे हसले, पण रिफाईचे कान फक्त मागच्या श्वासाकडे होते.

खांद्यावर हात पडला. रिफाईने डोळे मिटले.

"ती भाकर..." मफलरवाला बोबडं बोलला. "अजून आहे का?"

त्याने मफलर खाली केला. गाल भोपळ्यासारखा सुजला होता. "सकाळीच दाढ काढलीय. चावता येत नव्हतं. चहात बुडवून बघतो. सावलीला तुमच्या मागे उभा होतो, राग नको."

रिफाईने अख्खी भाकर त्याच्या हातात कोंबली. तो शेवटचा मऊ तुकडा गिळेपर्यंत मास्तर त्याच्या तोंडाकडे आईच्या मायेने बघत राहिला. त्याला रडू येत होतं.

खारगाला मफलरवाला उतरला, शिपाईही उतरले. आता बारीसच्या रस्त्याला गाडीत सय्यद, म्हातारी आणि रिफाई एवढेच उरले. भीती गेली तशी भूक कडकडून लागली. कालपासून त्याच्या पोटात अन्नाचा कण नव्हता.

"हाज्जा, माझी तर त्याला देऊन बसलो," तो हसत म्हणाला. "तुमच्या टोपलीतली एखादी उरलीय का?"

"उरल्यात की चार." म्हातारी काचेतून पुढे बघत होती. वाळूच्या टेकाडाशी एक पिकअप रस्त्यात आडवी उभी होती आणि तिला टेकून दोघेजण थांबले होते. "सय्यद, गाडी थांबव रे. माझी मुलं घ्यायला आलीत."

गाडी हळू झाली. रिफाईने हात पसरला. "मग उतरण्याआधी एक द्या ना, हाज्जा. निदान एक तुकडा."

तिने टोपलीच्या फडक्याला आणखी एक गाठ मारली.

"तुला माझी भाकर कशी देऊ, मास्तर?"