काळ्या टोकाचं बी

घाटघरच्या इंद्रायणीबाई खाचरात इंद्रायणी भातच लावायच्या, आणि त्यावरून गाव त्यांची थट्टा करायचं. एका सुगीत काही दाण्यांना काळं टोक आलं. त्याच लोंब्यांतले बिनटोकाचे दाणे पोचट निघाले. "भरलंय तेच बियाण्याला," म्हणत बाईंनी काळ्या टोकाचं बी धरलं. भरलेल्याच्या बाजूनं कोण नसतं? पुढच्या सुगीला सगळं खाचर काळ्या टोकाचं होतं.

त्याची कणी खाऊन कोंबडी खुडूक होऊन अंड्यांवर बसली. काळ्या चोचीची पिल्लं तेवढी निघाली. बाकीची अंडी हलवली की आत पाणी वाजायचं.

"तुमच्या कोंबड्यांची जात सुधारली की राव!" शेजारचा भागू म्हणाला.

बाई हसल्या नाहीत. त्यांची सून जया त्याच तांदळाची पेज पीत होती, आणि तिच्या पोटात जुळं होतं.

जुन्नरच्या दवाखान्यात पहिलं बाळ रडतच आलं. नर्सनं ते दुपट्यात बाहेर आणलं. "मुलगी झाली, आजी. पेढे सांगा."

बाईंनी आधी बाळाचे ओठ पाहिले, मग मूठ उघडली. पाचही नखांची टोकं काळी होती.

"आत्या," आतून जयानं विचारलं, "काळं हाय का?"

"हाय गं."

थोड्या वेळानं नर्स दुसरं घेऊन आली. "हा मुलगा. नखं बघा, कशी गुलाबी!"

"लई छान," बाई म्हणाल्या. "पण रडला का?"

नर्सनं दुपट्यात पाहिलं.