परिक्रमेतला होकार

नर्मदेच्या घाटावर कपडे पिळता पिळता केतकी मोठ्यानं हसली. परिक्रमेला बरोबर निघालेल्या बायका एकमेकींवर पाणी उडवत होत्या. वरच्या पायरीवर पाय चोळत बसलेल्या सुमतीबाईंचा हात थांबला. मुलगा गेल्यापासून त्यांनी सुनेला असं हसताना ऐकलं नव्हतं.

निघण्यापूर्वी केतकीबरोबर शाळेत शिकवणाऱ्या जोगळेकर सरांनी घरी येऊन तिला मागणी घातली होती. "आईंना एकटं सोडून मी कुठं जाणार?" असं म्हणून केतकीनं तो विषय मिटवला. सुमतीबाईंना मनातून हायसंच वाटलं होतं.

ओले कपडे खांद्यावर टाकून केतकी वर आली, तेव्हा त्यांनी तिला शेजारी बसवलं.

"जोगळेकरांना हो म्हण."

केतकीनं पाण्याकडे बघत हळूच विचारलं, "आणि तुम्ही?"

"मी दर रविवारी तुमच्याकडे जेवायला येईन. पुरणपोळ्या मात्र तूच कर. त्यांना कुठल्या जमतायत?"

"माझ्यापेक्षा छान करतात, आई," केतकी डोळे पुसत म्हणाली.

हे तुला कसं माहीत, असं सुमतीबाईंनी विचारलं नाही. काठी टेकत त्या उठल्या आणि दोघी बाकीच्यांच्या मागून चालू लागल्या.