अठरा बाहेर, एक आत

लष्करी तळाच्या अग्निशमन केंद्रात दुपारी पावणेदोनला सकाळपासूनचा बारावा फोन वाजला. करपलेलं पातेलं, लिफ्टमध्ये अडकलेले मेजरसाहेब, असं काहीबाही सकाळपासून चालूच होतं. आता तीनपैकी दोन गाड्या धावपट्टीवर होत्या. चाक अडकलेलं एक विमान वर घिरट्या घालत होतं. तिसरी दारूगोळा कोठारावर गेली होती. तिथला अलार्म पुन्हा उगाच वाजला होता.

"बाई, पाळणाघरातून बोलतेय. इथं गॅसचा वास येतोय. मुलं झोपलीत, म्हणून हळू बोलतेय."

ऑपरेटरबाईची चार वर्षांची मुलगी त्या झोपलेल्यांतच होती.

"मुलांना उठवा आणि बाहेर पडा. कुठलंच बटण दाबू नका, पंखा चालू असेल तर तो बंदही करू नका. फाटकाबाहेर गेल्यावर मला मोबाइलवरून फोन लावा."

तिने वायरलेसवर धावपट्टीकडे एक गाडी मागितली.

"विमान उतरेपर्यंत इथून एकही गाडी हलणार नाही," केंद्रप्रमुख म्हणाले.

कोठारावरची गाडी म्हणाली, "निघालो. आठ मिनिटं."

ती घड्याळाकडे बघत राहिली. मध्येच कुणीतरी फोन करून विचारलं, आमचं आग विझवायचं नळकांडं तपासायला कधी येताय? तिने उत्तर न देता फोन ठेवला. चार मिनिटांनी पाळणाघरवाल्या बाईंचा फोन आला. मागे मुलं रडत होती.

"सगळी आणली. मोजतेय... अठरा. बाई, एकोणीस होती हो."

"पाळणाघर. अठरा बाहेर, एक आत," तिने वायरलेसवर सांगितलं. आवाज सरळ निघाला. मग तिने फोन पुन्हा कानाला लावला.

"कोण नाही?"

पलीकडे एकेक नाव घेतलं जात होतं. तिला आपल्या मुलीचं नाव ऐकू आलं, पण ते बाहेरच्यांतलं की आत राहिलेल्याचं ते कळेना.

"ड्रायव्हरदादांचा धाकटा नाहीये."

तिने श्वास सोडला. डोक्यावरचं ओझं उतरवावं तसा, पोटापासून. आणि तो कशाचा होता हे पुढच्याच क्षणी तिच्या लक्षात आलं.

ड्रायव्हरदादा धावपट्टीवर पहिल्या गाडीत बसलेले होते, वायरलेसला कान लावून. तिने बटण दाबलं आणि सोडून दिलं. नाव सांगितलं नाही.

"मी आत जाते," पाळणाघरवाल्या बाई म्हणाल्या.

"नाही. तुम्ही अठरा जणांना धरून तिथंच थांबा."

आत आपली मुलगी असती तर आपण हेच सांगितलं असतं का, हे तिला ठरवता येईना.

गाडी पोचली. तोंडाला मास्क लावून दोघे आत शिरले. मुलगा न्हाणीघराची कडी आतून लावून बसला होता. दार तोडून त्याला बाहेर काढलं. गुंगीत होता, पण हाका मारल्यावर रडला. तेवढ्यात विमानही उतरलं.

संध्याकाळी डॉक्टरांनी सोडल्यावर ड्रायव्हर मुलाला कडेवर घेऊन केंद्रात आले. ती उठून उभी राहिली.

"दादा, मला नाव कळलं होतं. मी तुम्हाला सांगितलं नाही."

"बरं केलंत. सांगितलं असतंत तर स्टिअरिंग सोडून पळालो असतो."

"ते नाही हो दादा. नाव ऐकलं तेव्हा मला..."

ड्रायव्हरांनी मुलाला दुसऱ्या कडेवर घेतलं.

"तुम्ही नाव घेतलं नाहीत ना, ताई, तेव्हा मला वाटलं, आत तुमचीच मुलगी असणार," ते म्हणाले. "खोटं नाही सांगत, मला बरं वाटलं होतं."

मग दोघंही एकमेकांकडे न पाहता त्या मुलाकडे बघत राहिले. तो बापाच्या शर्टाचं बटण तोंडात धरून चघळत होता.