कॅडी हवाच

"यंदाच्या सहलीला समुद्राकाठचा गोल्फ कोर्स नको रे, खारा वारा गुडघ्यांना बाधतो. डोंगरातला घेऊ. तोही सर्वांना खुला आहे, शिवाय पिशवी उचलायला, चेंडूवर नजर ठेवायला कॅडी मिळतो," वागळे काकुळतीने म्हणाले.

खरी भानगड डोळ्यांची होती. जवळचंही धूसर दिसे, आणि लांब गेलेला चेंडू तर त्यांच्या लेखी स्वर्गवासी व्हायचा. ज्याला स्वतःचा चेंडू दिसत नाही त्याने सहलीला यायचं नाही, हा नियम चौघांच्या टोळक्यात खुद्द वागळ्यांनीच ठणकावून केला होता. सहल हुकली की आयुष्यात उरणार टीव्ही आणि दुधीची भाजी.

"गुडघे दुखतात म्हणून डोंगर चढणार? आणि कॅडी कशाला, म्हातारा झालास काय?" कारखानीस खेकसले.

 घाईघाईने वागळ्यांनी डोंगरातल्या कोर्सच्या माहितीपत्रकातल्या फोटोवर बोट ठेवलं. "अरे, हिरवळ तरी बघा! काय लुसलुशीत!"

तिघांनी बघितलं. तो हॉटेलच्या पोहण्याच्या तलावाचा फोटो होता.

 मग कारखानिसांनी पत्रक अलगद काढून घेतलं.

"हिरवळ छानच आहे रे," ते म्हणाले. "डोंगरातलाच घेऊ. आणि कॅडी मलाही सांग, हल्ली लांबचं कमीच दिसतं."