एकही पडलं नाही

काळी पट्टी फोडायची नाही, असं व्यवस्थापकांनी गवंड्याला बजावलं आणि बाग आखणाऱ्या बाईंकडे वळून ते गोड हसले.

पट्टी वीतभर रुंद होती. स्मृतिभ्रंश झालेल्या माणसांच्या त्या निवासात, बागेकडे उघडणाऱ्या दाराशी, नेमकी पाय टाकायच्या जागी. बाईंनी नकाशात दारापासून शेवटपर्यंत एकाच रंगाची फरशी दाखवली होती. गवंड्याला ते फार बोडकं वाटलं, म्हणून त्याने हौसेने दारात काळा ग्रॅनाइट बसवला. अशा माणसांना जमिनीवरचा काळा पट्टा खड्डा वाटतो, हे त्या बिचाऱ्याला कुठून कळणार? बाग उघडून तीन आठवडे झाले. बाई परगावच्या कामात अडकलेल्या, आणि फोनवर त्यांना एवढंच सांगितलं जाई की मंडळींना बाहेर जायचा कंटाळा येतो.

कंटाळा कसला. आज त्यांनी स्वतः पाहिलं. त्यांच्या सासूबाई इथेच राहत होत्या. त्या दाराशी आल्या, चपलेचं टोक पुढे करून चाचपलं आणि चौकट घट्ट धरून मागे सरकल्या. सासूबाई सुनेला ओळखत नाहीत, त्यामुळे हल्ली दोघींचं उत्तम जमतं. पण ते मागे सरकणारं पाऊल पाहून बाईंचं डोकं फिरलं.

व्यवस्थापकांना पट्टीची करामत केव्हाच उमगली होती. कुलूप नको, राखण नको, नातेवाईकही खूश.

"तीन आठवड्यांत एकही पडलं नाही," ते म्हणाले.

"एकही चाललं नाही," बाई म्हणाल्या.

व्यवस्थापकांनी मग ठेवणीतलं काढलं. उद्या तुमच्याच सासूबाईंचं खुब्याचं हाड मोडलं तर जबाबदार कोण, असं विचारलं. बाई म्हणाल्या, मी, हवं तर लिहून देते.

"पडल्या तर उचलू. पण त्यांना दारात असं भेदरवून ठेवायचं नाही."

गवंडी दोघांच्या तोंडाकडे बघत राहिला. बाईंनी त्याच्या हातातून छिन्नी-हातोडा ओढून घेतला आणि इस्त्रीच्या कपड्यांनिशी दारातच बसकण मारली. पहिला घाव दगडावर बसला, दुसरा अंगठ्यावर. तिसऱ्याला गवंड्याला राहवेना. सरका ताई, शेजारच्या फरशीची वाट लावाल, असं पुटपुटत, व्यवस्थापकांकडे न बघता तो कामाला लागला.

सासूबाई सगळा वेळ कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. एक खड्डा बुजवायला इतके दिवस लागतात का, असं त्यांनी सगळ्यांनाच सुनावलं. दुपारपर्यंत वाटेच्याच रंगाची फरशी वाळूवर ठोकून बसवून झाली. सासूबाईंनी पाय टाकला. व्यवस्थापक कोपर धरायला धावले, तर त्यांनी हात झटकला. त्यांच्या मागून आणखी चौघं निघाली.

वाट बागेला वळसा घालून परत दाराशीच येत होती. बाईंनी ती तशीच आखली होती. अर्ध्या तासाने सासूबाई दाराशी पोचल्या. घामाघूम, दोन्ही गुडघ्यांना माती. बाईंनी वाकून ती झटकली.

व्यवस्थापकांनी लगबगीने दार उघडून धरलं. "पुरे आता, आजी. आत चला."

"आत्ताच तर निघालेय," म्हणत सासूबाई दारावरून पुढे गेल्या.